अरुंद धाव

रुंद टायरची गाडी पार्किंगमध्ये उभी असली की छान दिसते. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. २०१८च्या दिवाळीत मी माझ्या जुन्या थारचे कंपनीकडून आलेले २३५/७० आर १६ टायर काढून २६५/७५ आर १६ चढवले, तेव्हा डोक्यात बर्फ नव्हता, चिखल नव्हता, खरं तर रस्ताच नव्हता. गाडी मागून कशी दिसेल एवढंच होतं. मडगार्डच्या बाहेर बोटभर डोकावणारं काळं रबर, त्यावरचे जाड ठोकळे. बायको गॅलरीतून बघून म्हणाली, "शाळकरी पोराने बापाचे बूट घातल्यासारखं दिसतंय." मी ते कौतुक समजलो.

टायरवरच्या आकड्यांत एक गंमत आहे. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंचीचा वाटतो, पण तो असतो टक्का: रुंदीच्या किती टक्के उंच साइडवॉल, म्हणजे टायरची उभी बाजू, ते सांगणारा. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे रुंदी वाढवली की टक्का तोच ठेवला तरी टायर उंचही होतो. मी तर टक्काही वाढवला होता. २३५/७० चा टायर साधारण ७३५ मिलिमीटर उंच, २६५/७५ चा ८०४. चाक सात सेंटिमीटरने वाढलं आणि स्पीडोमीटरला त्याचा पत्ताच नाही. तो ६० दाखवायचा तेव्हा गाडी ६५ने पळत असायची. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की आत कुठेतरी खर्र असा आवाज यायचा. टायरवाला म्हणाला, "थोडं घासेल साहेब, मग आपोआप जागा होईल." जागा झाली, मडगार्डच्या आतलं लायनर फाटून.

तर ही गाडी घेऊन फेब्रुवारीत आम्ही तिघे स्पितीला निघालो.

हिवाळ्यात मनालीकडून स्पितीत शिरता येत नाही. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि कित्येक महिने बर्फाखाली असते. मग सिमल्याकडून जायचं. रामपूर, रिकाँग पिओ, खाबला सतलज सोडून स्पिती नदीचं बोट धरायचं, नाको, सुमदो, ताबो आणि शेवटी काझा. रस्ता उघडा आहे असं चौक्यांवर सांगतात, पण 'उघडा' या शब्दाचा तिथला अर्थ आपल्यासारखा नाही. आधी कधीतरी डोझर जाऊन आलेला आहे, एवढाच तो अर्थ. त्यानंतर काय पडलं, काय वितळलं आणि काय पुन्हा गोठलं, ते ज्याचं त्याने बघायचं.

ताबोला एक रात्र राहिलो. तिथला मठ इसवी सन ९९६मधला, बाहेरून अगदी मातीच्या ढेकळासारखा, आत भिंतीभर चित्रं. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल. इथे एवढंच की रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी आम्ही फार शहाणपणाने टायरमधली हवा उतरवली. 'बर्फात हवा कमी करावी' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की कुठल्या बर्फात, हे विचारायचं सुचलंच नाही. मीटरवर २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवले आणि निघालो.

पुढे एक वळण लागलं. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाली नदी, आणि सगळं वळण सावलीत. बर्फ चारच इंच. गाडी फोर बाय फोरमध्ये, दुसरा गिअर, वेग ताशी पंधरा असेल. आणि स्टीअरिंग एकाएकी हलकं झालं. विहिरीत पोहरा सुटून पडला की हातातला दोर जसा हलका होतो, तसं. मी डावीकडे वळवतोय, पुढची चाकं डावीकडे वळलीही आहेत, आणि गाडी निवांतपणे सरळ चालली आहे, नदीच्या दिशेने. ब्रेकवरून पाय काढला पाहिजे हे माहीत होतं. पाय काढायला तयार नव्हता. शेवटी डोझरने कडेला रचलेल्या बर्फाच्या बांधाला बंपर टेकला आणि गाडी थांबली. तिघांपैकी कुणीही बराच वेळ बोललं नाही. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "उतरायचं डाव्या दारानेच ना?"

उतरून चाकाखाली वाकून पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. टायरने बर्फ कापला नव्हता, दाबून दाबून त्याची वडी केली होती. टायरच्या ठोकळ्यांची नक्षी तिच्यावर साच्यातून काढल्यासारखी उमटलेली, आणि वर काचेसारखी झाक. नखाने ओरखडायला गेलो तर ओरखडा उठेना. फावड्याच्या टोकाने ती वडी फोडली तर खाली जेमतेम दोन इंचांवर डांबर होतं. चांगलं, खरखरीत, कोरडं डांबर. सामानासकट दोन टनांच्या आसपासची माझी गाडी दोन इंच खाली पोचू शकत नव्हती.

मग बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या, म्हणजे चेन, डिकीतून बाहेर काढल्या. त्या एका मित्राकडून आणलेल्या, त्याच्या गाडीच्या मापाच्या. म्हणजे माझ्याही, पण जुन्या टायरच्या. नव्या टायरला गुंडाळल्या तर चार कड्या कमी पडत होत्या. ओढून बसवल्या असत्या तरी आतल्या बाजूला टायर आणि स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये चेन मावण्याइतकी फटच उरली नव्हती. शून्याखालच्या थंडीत, हातमोजे काढून, न पुरणारी चेन चाकाला लावत बसणं ही शिक्षा मी कुणालाही देणार नाही. अपवाद एकच, दिवाळीतला मी.

तेवढ्यात मागून ऑल्टो आली.

ही गोष्ट मी पुण्यात सांगतो तेव्हा लोक हसतात, म्हणून पुन्हा लिहितो: ऑल्टो. टायर १४५/८० आर १२, म्हणजे माझ्या टायरच्या निम्म्याहून थोडा जास्त रुंद. पुढच्या दोन चाकांना चेन, आत पाच माणसं आणि टपावर गादी. ती त्या वळणावर आली, चाकं बर्फात कचकन आत गेली, दोन्ही बाजूंना भुगा उडाला आणि ती आमच्या बाजूने वर जाऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, एकदा माझ्या टायरकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, आपका टायर तो बर्फ पे बैठा है, रोड पे नहीं."

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. रस्त्यावर आधीच्या गाड्यांच्या दोन खोल रेघा होत्या, बहुतेक बोलेरो कॅम्परच्या. बर्फातल्या चाकोऱ्या. माझा टायर त्या चाकोरीत मावतच नव्हता, तिच्या दोन्ही काठांवर चढून तरंगत होता. चाकोरी सोडून जगावं वगैरे आपल्याकडे फार बोललं जातं. त्या वळणावर मला चाकोरी हवी होती आणि ती मला आत घेत नव्हती.

त्याच्या सांगण्यावरून हवा परत ३० केली, बर्फाच्या वड्या फावड्याने फोडून चाकापुढे दोन पट्टे डांबरापर्यंत खणले आणि गाडी निघाली. न्यायाला धरून हेही सांगायला हवं की पुढे चार किलोमीटरवर बर्फ फूटभर झाला आणि ऑल्टोचं पोट त्यावर टेकलं. चारही चाकं जवळपास अधांतरी. तिला आम्ही पट्टा लावून ओढलं. तेव्हा अरुंद टायर म्हणजे सर्व रोगांवर औषध, असं मला म्हणायचं नाही. चाकाची उंची आणि पोटाखालची जागा यांचा हिशेब वेगळा.

काझ्याला होमस्टेच्या खोलीत बुखारीच्या शेगडीजवळ बसून मी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. दोन टनांची गाडी, म्हणजे एका चाकावर साधारण ५०० किलो. हवा ३०, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. टायर जमिनीला साधारण तितक्याच दाबाने टेकतो, म्हणून ढोबळमानाने एका चाकाचा जमिनीला टेकलेला भाग २४० चौरस सेंटिमीटर. दोन पोस्टकार्डं. एवढी गाडी, एवढा हप्ता, आणि सगळा भरवसा चाकागणिक दोन पोस्टकार्डांवर.

आता गोम अशी की हवा तीच असेल तर टायर रुंद केल्याने पोस्टकार्डं फारशी वाढत नाहीत. मांडणी बदलते. अरुंद टायरची पोस्टकार्डं गाडीच्या दिशेने लांब मांडलेली, रुंद टायरची आडवी. लांब मांडलेल्या ठशाला समोरचा बर्फ कमी फोडावा लागतो, आणि तो बर्फ दोन्ही बाजूंना सरकतो कारण बाजू जवळ असते. आडव्या ठशाच्या मधोमध सापडलेला बर्फ पळणार कुठे? तो तिथेच दबतो आणि त्याची वडी होते. वर मी हवा २२ केली होती, म्हणजे पोस्टकार्डं दोनाची अडीच-पावणेतीन झाली, दाब आणखी विखुरला. कापायच्या जागी मी तरंगायची सगळी तयारी करून गेलो होतो.

अर्ध्या वितळलेल्या, पाणचट बर्फात हा फरक आणखी वाढतो. मुसळधार पावसात एक्स्प्रेसवेवर रुंद टायरची गाडी पाण्यावर लवकर तरंगायला लागते, तेच इथे घडतं. स्वीडनमधल्या बर्फाच्या रॅलीत जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या मुद्दाम अरुंद, खिळे ठोकलेले टायर घालतात. त्याच गाड्या डांबरी रॅलीत रुंद टायरवर धावतात. मला हे आधीपासून माहीत होतं. टीव्हीवर पाहिलेलं आणि स्वतःच्या गाडीला लावून पाहिलेलं यांत मात्र बरंच अंतर असतं.

मग रुंद टायर बर्फासाठी नसतोच का? असतो की. माझी भाची आइसलँडला फिरायला गेली होती, तिने एका जीपशेजारी उभं राहून फोटो पाठवला. टायर तिच्या कमरेच्या वर. ३८ इंची, आणि तिथे ४४ इंचीही असतात. खाली लिहिलं होतं, "मामा, तुझा टायर म्हणजे याचं पिल्लू." हिमनदीवर चढण्याआधी त्यांच्या ड्रायव्हरने हवा सोडायला सुरुवात केली ती थांबेचना. तीन-चार पीएसआय उरेपर्यंत. टायर पंक्चर झाल्यासारखा पसरला आणि जीप भुसभुशीत बर्फावरून सुखाने चालू लागली. मध्ये फोटोला थांबले तेव्हा ही खाली उतरली आणि मांडीपर्यंत आत गेली. जीप वर, माणूस आत. यात चमत्कार काही नाही. चार पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या थोडं वर, आणि चालणारा माणूस एका पावलावर आला की त्याचा दाब त्याहून जास्त असतो.

पण तिथे खाली काय आहे? वात्नायोकुल ही तिथली सगळ्यात मोठी हिमनदी, सुमारे ८ हजार चौरस किलोमीटरची, आणि तिच्यातल्या बर्फाची सरासरी जाडी ४०० मीटरच्या आसपास. तिथे कापून कापून किती कापणार? तळ लागायचाच नाही. तिथे तरंगलाच पाहिजे. स्पितीत तळ दोन इंचांवर होता.

हे सगळं मी कागदावर मांडून मोठा शोध लावल्यासारखा बसलो होतो, आणि मला बार्शीकडचं आजोबांचं रान आठवलं. बैलगाडीचं लाकडी चाक: मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, त्यांवर पाटे, आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्रा. गोवऱ्यांच्या आरात धाव लालभडक तापवायची, पकडींनी उचलून चाकावर बसवायची, लाकूड पेटायच्या आत घणांनी ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र आवाज, वाफ, आणि आकसणाऱ्या लोखंडाने चाकाचे सगळे सांधे करकचून जुळायचे. ती धाव असायची जेमतेम दोन बोटं रुंद. गावच्या मुरमाड वाटेवर ती वरचा चिखल चिरून खालचा कठीण मुरूम पकडायची आणि गाडी भर पावसात चालायची. तीच गाडी काळ्या रानात घातली की आसापर्यंत आत. आजोबा म्हणायचे, "गाडी रुतत न्हाय रं, खाली धरणारं कुणी नसतंय."

आमच्या एका नातेवाइकांची मुळशीकडे भातशेती आहे. चिखलणीच्या वेळी ते ट्रॅक्टरला रुंद लोखंडी केजव्हील लावतात, कारण खाचरात चाकाला फार खोल जाऊ द्यायचं नसतं. म्हणजे रान बघून चाक, हे शहाणपण आमच्या घरात आधीपासून होतं. मी ते सोडून व्हिडिओ बघत बसलो.

परत आल्यावर दुसरा टायर शोधला. माप २३५/८५ आर १६. याची उंची काढून बघा, ८०६ मिलिमीटर. माझ्या रुंद टायरएवढाच उंच, पण तीन सेंटिमीटर अरुंद. जुन्या लँडरोव्हर डिफेंडरला हेच माप असायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा टायर तर सहाच इंच रुंद होता, ६.००-१६, आणि ती कुठे कुठे जाऊन आली ते सगळ्यांना ठाऊक आहे. हा टायर मिळायला महिना लागला. एका दुकानात मुलगा म्हणाला, "काका, हा टेम्पोसारखा दिसेल." दिसतो. पोटाखालची जागा कायम राहिली, आत चेन मावायला फट मिळाली, चेन मात्र नव्या घ्याव्या लागल्या. जाड ठोकळ्यांच्या मड टेरेनऐवजी या वेळी ऑल टेरेन घेतला, ज्याच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात. घट्ट बर्फावर त्या चिरांच्या कडा धरून ठेवतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे का, हेही बघून घेतलं. नुसतं एम आणि एस लिहिलेलं असणं वेगळं, त्याला बर्फावर चाचणी दिलेली असावीच लागते असं नाही. आणि रबर. साधारण सात अंशांच्या खाली नेहमीचं रबर ताठरायला लागतं. त्यापुढे रुंदी कितीही अचूक निवडा, चाक लाकडाचंच. आपल्याकडे खास हिवाळी टायर घेणारे विरळा. वर्षातले आठ दिवस बर्फ आणि बाकी पुण्याचं ऊन, त्यात ते मऊ रबर पेन्सिलीसारखं झिजेल. म्हणून आपला मार्ग ऑल टेरेन आणि चेन.

२०२०च्या जानेवारीत पुन्हा गेलो. काझ्याच्या पेट्रोल पंपावर उंची लिहिलेली पाटी आहे, ३,७४० मीटर. तिथे सकाळी उणे वीसमध्ये हवा तपासली. पुण्यात ३० अंशांत ३२ भरली होती, थंडीने सात-आठ उतरली असणार म्हणून २४ची तयारी ठेवली होती. मीटर म्हणाला २९. आधी मीटर बिघडला वाटला. मग लक्षात आलं, थंडीने आतली हवा आकसते हे खरं, पण उंचीवर बाहेरची हवाही विरळ झालेली असते, त्यामुळे मीटरवर चार-साडेचार परत मिळतात. दोन्हींची वजाबाकी होऊन तीनच कमी. चहा घेताना मी हे जोडीदारांना सविस्तर समजावलं. त्यांनी चहा घेतला.

ते सावलीतलं वळण या वेळी बिनबोभाट गेलं. पाच इंच बर्फ होता, चाक आत शिरलं, खालून डांबराची ती ओळखीची खरखर तळपायापर्यंत आली. मी मनातल्या मनात छाती फुगवली, आणि सुमारे तासाभराने, स्वच्छ उन्हात, बर्फाचा कणही नसलेल्या रस्त्यावर गाडी सरकन आडवी झाली. वरच्या उतारावरून दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहून गोठलेलं. डांबराच्या रंगाचाच पातळ पापुद्रा, ब्लॅक आइस. त्याच्यापुढे २३५ आणि २६५ सारखेच. कापायला काही नाही, तरंगायला काही नाही. तिथे चेन, हळू वेग आणि घड्याळ एवढंच कामाला येतं. दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचायचं हा तिथल्या ड्रायव्हरांचा नेम, आम्ही जेवायला रेंगाळलो होतो. शून्याच्या आसपासचा, वरून ओलसर असलेला बर्फ सगळ्यात निसरडा असतो. उणे वीसमधला त्या मानाने बराच सज्जन.

जुन्या चार टायरांपैकी तीन विकले गेले. घ्यायला आलेल्या मुलाने विचारलं, "काका, का काढले?" मी बर्फाचं सांगायला तोंड उघडलं, पण तो तोवर टायर गाडीला टेकवून, चार पावलं मागे जाऊन, मागून कसा दिसतो ते बघत होता. मी किंमत दोनशेने कमी केली.

चौथ्याची साइडवॉल त्या लायनरच्या घासाघाशीत चिरली होती. तो कुणी घेईना. वर्षभर पार्किंगमध्ये पडून राहिला, पावसात त्यात पाणी साचलं आणि डासांवरून सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली. शेवटी आईने तो गच्चीवर नेववला, खाली भोकं पाडून घेतली, माती भरली आणि अळू लावला. काल वाकून माती उकरत होती. म्हणाली, "रुंद आहे ते बरंय, कंद छान पसरलेत. दुसरा आहे का रे?"